पहिल्या पानावरचं नाव

ही घटना खरी आहे.

असं वाक्य वाचलं की मी पूर्वी हसायचो. तुम्हीही हसा. मला वाईट वाटणार नाही.

तेरा वर्षं झाली. नोव्हेंबरातला दुसरा रविवार. दुपारचे सव्वातीन. अंधार नव्हता, वीज गेलेली नव्हती, कुठे कुत्रंही रडत नव्हतं. तिसरा मजला, स्वयंपाकघराला लागून असलेली दहा बाय नऊची खोली, आणि खिडकीतून टेबलावर पडलेलं लख्ख ऊन. भुताला शोभेल असं तिथे काहीच नव्हतं, त्याला माझा इलाज नाही.

घरात आम्ही तिघं. मी लोकांचे कान तपासतो आणि कानाची यंत्रं विकतो. बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून ती लोकांना योग्य गोळ्या देते आणि अजून कोणी दगावलेलं नाही. तेव्हा माझे कान आणि तिचे डोळे, या दोन्हींवर शंका घेऊ नये. तिसरी आमची मुलगी. तिचं नाव … असं आहे, पण घरात सगळे बारकी म्हणतात. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

मला एक नाद होता. मुलांच्या अद्भुत गोष्टींची जुनी, चित्रांची पुस्तकं जमवायचा. तीही फक्त पहिल्या आवृत्तीची.

या नादातली गंमत अशी, की पुस्तक मुलांसाठी काढलेलं असावं लागतं, पण त्याला एकाही मुलाचा हात लागलेला चालत नाही. पानाचा कोपरा दुमडलेला नको. राक्षसाला मिशा काढलेल्या नकोत. शंभर वर्षं ज्याला कोणी उघडलंच नाही ते पुस्तक आमच्यात सर्वांत मोलाचं. आम्ही ते हातमोजे घालून उघडतो, चित्रं मोजतो आणि बंद करतो.

गोष्ट कोणी वाचत नाही. तेवढा वेळ कोणाला आहे?

"घरात मूल आहे आणि मुलांची पुस्तकं कुलपात," बायको म्हणायची. "तू उद्या भाजी पण काचेच्या कपाटात ठेवशील."

"ती खराब होते," मी म्हणायचो.

"बारकीपण वाढतेय. तिला कधी वाचायला देणार? नातवंडं झाल्यावर?"

मी कपाटाची काच पुसायला लागायचो.

त्या शनिवारी आमच्या नेहमीच्या दुकानदाराचा फोन आला. त्यांना आम्ही पुट्ठेवाले म्हणतो, कारण पुस्तक हातात आलं की ते आधी पुट्ठ्याचा वास घेतात आणि मग नाव बघतात.

"साहेब, 'पाकोळ्यांचा राजवाडा' आलंय. बसल्या जागेवरून उठा."

मी उठलो. अकरा वर्षं मी त्या पुस्तकाच्या मागे होतो. बारा रंगीत चित्रं, प्रत्येक चित्रावर पातळ झिरझिरीत कागद. नवव्या चित्रात पाकोळ्यांच्या राणीच्या डाव्या हाताला सहा बोटं. चित्रकाराच्या हातून चूक झाली आणि दुसऱ्या आवृत्तीत ती सुधारली गेली. म्हणजे सहा बोटं असतील तरच प्रत पहिली.

दुकानात मी भिंग लावून बोटं मोजली.

सहा.

"आमची थोरली माहेरपणाला आलीय," पुट्ठेवाले म्हणाले. "कालपासून हेच घेऊन बसली होती. म्हटलं, बाई, ठेव खाली, गिऱ्हाईक जाईल माझं. एकच डाग आहे हां साहेब. पहिल्या पानावर. पेन्सिलचा आहे, निघेल."

डाग म्हणजे एका मुलीने आपलं नाव लिहिलं होतं. आमच्यात त्याला डागच म्हणतात. कागदावर चहा सांडला तर डाग, ओल लागली तर डाग, कोण्या मुलाने 'हे माझं पुस्तक आहे' असं लिहिलं तरी डाग.

रविवारी जेवण झाल्यावर मी कामाला बसलो.

हे काम घाईचं नाही. आधी मऊ खोडरबर. कागदाच्या रेषेने, एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने. खस… खस… खस… मग कीस रुंद ब्रशने झटकायचा. पेन्सिल जोरात टेकवलेली असली की कागदावर खळगा राहतो. मग पान उलटं करून मागून हाडाच्या गुळगुळीत पट्टीने तो सपाट करायचा. शेवटी पान तिरप्या उजेडात धरून बघायचं.

बारकी दारात उभी होती. चौकटीला टेकून.

त्या चौकटीवर आम्ही तिची उंची मोजायचो. दर वाढदिवसाला पेन्सिलची एक रेघ, बाजूला तिचं नाव आणि तारीख.

"बाबा, तू तिचं नाव खोडतोयस?"

"नाव नाही गं, डाग आहे."

"तिला चालेल?"

"ती म्हातारी होऊन गेली असेल कधीच. जा, अभ्यास कर."

"रविवार आहे."

"मग खेळ."

ती गेली नाही. बघत राहिली. मी शेवटचा कीस झटकला, खोडरबर डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

खस… खस… खस…

माझे दोन्ही हात टेबलावर होते.

रिकामे.

आवाज थांबला नाही. एकाच दिशेने, हलक्या हाताने. कोणीतरी काम नीट शिकलेलं होतं. दोन मिनिटं तो चालला आणि मग बंद झाला.

"ऐकलंस?" मी बारकीला विचारलं.

"काय?"

सोमवारी दवाखान्यात गेल्या गेल्या मी स्वतःचेच कान तपासले. आमच्याकडे एक बंद केबिन आहे. आतून जाड फोम, दार लावलं की बाहेरचा ट्रकसुद्धा ऐकू येत नाही. कानाला हेडफोन लावून मी आवाजाच्या सगळ्या पट्ट्या तपासल्या. कान ठणठणीत. पंचविशीतल्या माणसाचे असावेत तसे. मी हेडफोन काढून खाली ठेवला.

आणि बंद केबिनमध्ये, माझ्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर…

खस… खस… खस…

त्या संध्याकाळी चौकटीवरची सर्वांत खालची रेघ गेलेली होती. बारकीच्या पहिल्या वाढदिवसाची. रेघ नाही, नाव नाही, तारीख नाही. खाली फरशीवर चिमूटभर राखाडी कीस.

"तू पुसलंस?" बायकोने विचारलं.

"मी कशाला पुसू?"

"तुझं काय सांगावं. तुला स्वच्छतेचा झटका येतो."

मंगळवारी दुसरी, तिसरी आणि चौथी रेघ गेली. फोटोंच्या मागे बायको पेन्सिलने लिहून ठेवायची: कोण, कुठे, कितवं वर्ष. त्यातलं आमचं दोघांचं नाव जागच्या जागी होतं. बारकीच्या नावाच्या जागी कोरा कागद. मी एक फोटो तिरप्या उजेडात धरला.

खळगासुद्धा नव्हता. मागून पट्टी फिरवलेली होती.

बुधवारी शाळेची व्हॅन तिला न घेताच गेली. ड्रायव्हरला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, तुमच्या इमारतीतून आपलं कोणीच नाही." हाच माणूस चार वर्षं रोज खालून हॉर्न वाजवत होता. मी त्याला चार शब्द सुनावले. त्याने ऐकून घेतले, आणि मग खरंच न कळल्यासारखं विचारलं, "नाव काय म्हणालात?"

गुरुवारी बारकी शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच बसून राहिली. मी विचारल्यावर म्हणाली, "बाईंनी हजेरी घेतली. माझं नाव आलंच नाही. मी हात वर केला, तर म्हणाल्या, तू कोणत्या वर्गातली?"

तिच्या वहीवरची चिठ्ठी मी पाहिली. तिथे शाईने नाव लिहिलेलं असायचं.

शाई खोडरबरने निघत नाही. हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.

ती निघालेली होती.

त्या रात्री बायकोने जेवायला ताटं मांडली. दोन. बारकी आपली आपण उठली, तिसरं ताट घेतलं आणि बसली. नऊ वर्षांच्या मुलीला जेवढं कळू नये तेवढं तिला कळलेलं होतं. बायको तिच्याकडे बघून हसली. पाहुण्याकडे बघून हसतात तसं.

मग शुक्रवार.

दुपारी एक आजोबा यंत्र बसवून घ्यायला आले होते. कानात यंत्र बसवलं की आम्ही साधं काहीतरी बोलून बघतो, नीट ऐकू येतंय का. ते खुशीत होते. त्यांनीच विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं किती?"

"नाही," मी म्हणालो. "आम्ही दोघंच."

आणि पुढचा स्क्रू पिळला.

घड्याळात सव्वातीन झाले होते. खस… खस… आवाज कानाजवळ नव्हता. तो डोक्याच्या आत होता. त्या आवाजाखाली काहीतरी जात होतं आणि मला ते समोर दिसत होतं. दारात टेकून उभी असलेली एक मुलगी. कोणाची तरी.

मी टेबलावरचं पेन उचललं आणि तळहातावर लिहिलं: तुला मुलगी आहे. बारकी.

नाव लिहायला गेलो. आठवलं नाही.

आजोबा तसेच बसले होते. मी त्यांना एका कानाचं यंत्र लावून सोडून दिलं आणि पुट्ठेवाल्यांचं दुकान गाठलं.

"त्या पुस्तकात कोणाचं नाव होतं?"

"कुठल्या?"

"पाकोळ्यांचा राजवाडा! पहिल्या पानावर!"

"हां, तो डाग." त्यांनी डोळे मिटले. त्यांची स्मरणशक्ती आमच्या मंडळींत प्रसिद्ध आहे. "वरचा उजवा कोपरा. दोन ओळी. मऊ पेन्सिल, अक्षर गोल, दुसरी ओळ जरा चढती. अडीच इंचांत बसलेलं. खाली एक फूलही होतं, पाच पाकळ्यांचं."

"बरोबर! आणि नाव? नाव काय होतं?"

पुट्ठेवाले विचारात पडले.

"नाव… नाव कोण वाचतं हो साहेब? तुम्ही वाचलंत?"

मी पुस्तकाची बारा चित्रं मोजली होती. राणीची बोटं मोजली होती. छापखान्याचा पत्ता, शिवण, कागदाची जाडी, सगळं वहीत टिपलं होतं. ते नाव मी वीस मिनिटं, भिंग लावून, अक्षराअक्षराने खोडलं होतं.

आणि मी ते वाचलं नव्हतं.

"तुमच्या थोरलीने पुस्तक पाहिलं होतं ना? तिला विचारा!"

"कोण थोरली?" पुट्ठेवाले म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते.

घरी पोचेपर्यंत माझा तळहात लाल झाला होता. कोणीतरी घासावा तसा. 'तुला' आणि 'आहे' एवढंच राहिलं होतं. मधलं आणि शेवटचं गेलं होतं. मी वाटभर मोठ्याने "मुलगी, मुलगी" म्हणत आलो. जिन्यात शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या अजून तशाच पाहतात.

दार बायकोने उघडलं. मला आत ओढून हळूच म्हणाली, "आतल्या खोलीत एक मुलगी येऊन बसलीय. तुझ्या पुस्तकाला हात लावलाय तिने. कोणाकडची आहे रे?"

मी आतल्या खोलीकडे धावलो. उत्तर माझ्याकडे होतं, पण किती वेळ राहील ते माहीत नव्हतं.

बारकी माझ्या खुर्चीत बसली होती. हातमोजे न घालता. समोर पहिलं पान उघडं. तिने रडून घेतलेलं होतं आणि डोळे पुसलेले होते.

"बाबा, तुला मी माहीत आहे?"

"हो," मी म्हणालो. "बारकी."

"फक्त बारकी?"

मी पानाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ऐक. इथे जे नाव होतं, ते तू वाचलं होतंस?"

"हो. तू आणलंस त्याच दिवशी. तू पान उघडून बघत होतास तेव्हा, मागून." तिला यात विशेष काही वाटलं नाही. "पुस्तकावर नाव असलं तर आधी तेच वाचतात ना?"

"काय होतं?"

ती म्हणाली.

तिचे ओठ हलले. मला ऐकू आलं ते असं… खस… खस.

"पुन्हा म्हण."

खस… खस.

"मोठ्याने!"

तिने मोठ्याने म्हटलं. मला तिच्या गळ्याच्या शिरा दिसल्या. बाकी फक्त घासण्याचा आवाज. वीस वर्षं मी लोकांना ऐकू आणून देत होतो.

मी डबीतून पेन्सिल काढून तिच्यापुढे ठेवली. "लिही. जिथे होतं तिथे. जसं होतं तसं."

तिने पेन्सिल उचलली नाही.

"पण तू म्हणालास, ते नाव नाही, डाग आहे."

"चुकलो मी. नाव होतं."

"मला नको सांगू. तिला सांग."

"कोणाला?"

बारकीने दाराकडे पाहिलं. चौकटीकडे. तिथे खालून आठ रेघा गेलेल्या होत्या. नववी उरली होती आणि तिचा डावा अर्धा भाग… नव्हता. मी बघत असताना ती रेघ बोटभर अजून कमी झाली. कीस खाली पडताना दिसला. उन्हात, सावकाश.

मी रिकाम्या दाराकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. तुझं पुस्तक आहे. मी न विचारता तुझं नाव खोडलं. वाचलंसुद्धा नाही."

आवाज थांबला.

मागे बारकी लिहीत होती. मी वळून पाहिलं. पेन्सिलचं टोक पानावरून फिरत होतं, गोल गोल, मग जरा चढत. मग पाच लहान पाकळ्या. ती जीभ बाहेर काढून लिहीत होती, ती लहानपणापासून तसंच लिहिते.

पानावर काहीच उमटत नव्हतं.

"झालं," ती म्हणाली आणि फुंकर मारली.

कोरा कागद. मी तो तिरप्या उजेडात धरला. कोरा.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "बारके! शाळेतून आल्यावर हात धुतलेस का? आणि ते बाबाचं पुस्तक आहे हं, ओरडेल तो!"

मी त्या पानावर डोकं टेकून बसलो. पुस्तक खराब होईल हा विचार माझ्या मनात आला नाही. कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच.

सोमवारी व्हॅनवाल्याने खालून हॉर्न वाजवला. हजेरीत नाव आलं. चौकटीवरच्या रेघा परत आल्या, असं बायको म्हणते. तिने पुस्तकाचं पहिलं पानही पाहिलं आणि म्हणाली, "छान नाव आहे की. जरा जुन्या वळणाचं. यात खोडण्यासारखं काय होतं?"

"काय आहे नाव?"

तिने सांगितलं. तिचे ओठ हलले.

तेवढंच असतं तर मी सोसलं असतं. दुसऱ्या दिवशी बायको बारकीवर चिडली. चिडली की ती तिला पूर्ण नावाने हाक मारते. मी पेपर वाचत होतो. आतून आवाज आला… खस… खस… खस… आणि बारकी म्हणाली, "आले गं आई!"

तेव्हापासून ते असं आहे.

वहीवर तिचं नाव आहे, मला कोरी चिठ्ठी दिसते. फोटोमागे आहे, मला कोरा कागद दिसतो. चौकटीवर मी बोट फिरवून बघतो. लाकूड गुळगुळीत लागतं. मी तिला बारकी म्हणतो. आता ती माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, तरी बारकीच. मैत्रिणींसमोर तिला लाज वाटत असणार. कधी बोलली नाही.

बाकीची पुस्तकं मी कुलपातून काढली. राजवाडा मात्र टेबलावरच असतो. वर्षाभराने पुट्ठेवाले घरी आले होते. त्यांनी पहिलं पान उघडलं, भिंग लावलं, तिरप्या उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा, साहेब! काय काम केलंय! खूणसुद्धा नाही. अशी कोरी प्रत मी जन्मात पाहिली नाही."

बायको चहा घेऊन आली होती. तिने आधी पानाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग माझ्याकडे. कप खाली ठेवताना बशी वाजली.

त्यांनी आजवर किती पानं स्वच्छ केली असतील, मी विचारलं नाही. त्यांच्या थोरलीबद्दलही नाही. फक्त ते जायला उठले तेव्हा बायको म्हणाली, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आम्ही दोघंच की," ते म्हणाले.

गेल्या महिन्यात बारकीला पदवी मिळाली. मोठं सभागृह, तुडुंब भरलेलं. व्यासपीठावरून एकेक नाव पुकारत होते. मी तिसऱ्या रांगेत, कानामागे हात धरून बसलो होतो. एक नाव आलं. टाळ्या. दुसरं नाव आलं. टाळ्या. मग माइकवरून, एवढ्या मोठ्या कर्ण्यांतून, हलक्या हाताने, एकाच दिशेने…

खस… खस… खस…

आणि माझी मुलगी उठून चालायला लागली.

मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. बायको रडत होती. लोकांना वाटलं, आम्ही दोघं एकाच कारणाने रडतोय.

हे सगळं लिहून झाल्यावर मी बारकीला वाचायला दिलं. ती म्हणाली, "बाबा, यात माझं नाव कुठेच नाही." मी म्हटलं, तू घाल. तिने वर, आमच्या घरातल्या तिघांची ओळख करून दिली आहे तिथे, स्वतःच्या हाताने टाइप केलं. बायकोने तपासलं. म्हणाली, बरोबर आहे, एक अक्षरही चुकलेलं नाही.

मला तिथे तीन टिंबं दिसतात.

तुम्हाला तिचं नाव दिसलं असेलच.

दिसलं नसेल, तर मला कळवू नका. आधी घरात किती माणसं आहेत ते मोजा. दोनदा मोजा.